कळ दाबणारा उंदीर

फेब्रुवारी २०२५मध्ये तुळजापूरजवळच्या तामलवाडी पोलिसांनी एमडीच्या पुड्यांसह तिघांना पकडलं आणि तुळजापूर भलत्याच कारणासाठी राज्यभराच्या बातम्यांत आलं. एमडी म्हणजे मेफेड्रोन. १९२९मध्ये पहिल्यांदा प्रयोगशाळेत तयार झालेलं, नंतर कित्येक दशकं विस्मरणात पडलेलं आणि २०१५मध्ये भारताच्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आणलेलं एक रसायन.

असं प्रकरण उघड झालं की पारावर दोन मतं हमखास पडतात. एक म्हणतं, दोष पोरांचा. मनावर ताबा नाही, घरात धाक नाही. दुसरं म्हणतं, पदार्थच तसला. एकदा घेतला की माणूस कामातून गेला. दोन्ही मतांना डोळ्यांदेखत घडलेल्या उदाहरणांचा आधार असतो, म्हणून वाद मिटत नाही.

वादाचा निकाल लावायचा तर तपासणार कसं? माणसाला मुद्दाम व्यसन लावून पाहता येत नाही. नुसतं विचारावं, तर व्यसनात अडकलेला माणूस घरच्यांना एक सांगतो, डॉक्टरांना दुसरं आणि स्वतःला तिसरंच. मग शास्त्रज्ञांनी असा साक्षीदार निवडला ज्याला लाज नाही, बदनामीची भीती नाही आणि बोलताही येत नाही. पांढरा उंदीर. त्याला प्रश्न विचारता यावा आणि त्याचं उत्तर आपल्याला वाचता यावं, एवढ्यासाठी एक पेटी घडवली गेली. गेली नव्वदेक वर्षं ही पेटी उत्तरं देते आहे, आणि ती उत्तरं पारावरच्या दोन्ही मतांना खिंडीत गाठणारी आहेत.

ओकीबोकी पेटी

पेटी साधारण फूटभर लांब-रुंद. दोन भिंती धातूच्या, दोन पारदर्शक. जमीन म्हणजे स्टीलच्या बारीक सळ्या, खाली मलमूत्रासाठी तबक. एका भिंतीत दोन कळा, म्हणजे पुढे आलेल्या दोन छोट्या दांड्या. प्रत्येक कळेवर एक इवला दिवा. मध्ये एक खोबण. तिच्यात खाण्याची गोळी येऊन पडते. गोळीचं वजन बहुतेक ठिकाणी ठरलेलं, ४५ मिलीग्रॅम. ही सगळी पेटी आणखी एका जाड, आवाज अडवणाऱ्या कपाटात बंद असते. कपाटाला एक पंखा असतो. तो हवा खेळती ठेवतो आणि त्याच्या एकसुरी घरघरीत बाहेरचे आवाज बुडून जातात. आत काय चाललंय ते माणूस पाहत बसत नाही. कळ दबली की संगणकात नोंद पडते, सेकंदाच्या अंशापर्यंत.

माणसाला बाहेर ठेवण्यामागे कारण आहे. पाऊस पडेल का, असं विचारलं की नंदीबैल मान डोलावतो. पण त्याचं लक्ष पावसाकडे नसतं, धन्याच्या इशाऱ्याकडे असतं. युरोपातही असंच झालं होतं. बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणितं सोडवायचा आणि विद्वान थक्क व्हायचे. १९०७मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं, की घोडा समोरच्या माणसाच्या नकळत होणाऱ्या हालचाली वाचत होता. प्राण्याला खरा प्रश्न विचारायचा तर विचारणाऱ्याचा चेहरा मधून काढून टाकला पाहिजे. पेटी तेच करते.

तिची पूर्वज म्हणजे एडवर्ड थॉर्नडाइक यांचे लाकडी खोके. १८९८च्या आपल्या प्रबंधासाठी त्यांनी भुकेल्या मांजरांना खोक्यात कोंडलं आणि बाहेर खाणं ठेवलं. मांजर ओरबाडायचं, चावायचं, धडपडायचं आणि कधीतरी योगायोगाने दोरी ओढली जाऊन दार उघडायचं. पुन्हा कोंडलं की वेळ थोडा कमी लागायचा, पुन्हा आणखी कमी. मांजराला एकाएकी उमगलं असं कुठे दिसत नव्हतं. ज्या हालचालीने सुटका झाली ती हालचाल हळूहळू बळावत होती, बाकीच्या गळून पडत होत्या. परिणाम चांगला तर कृती टिकते, हा नियम त्यांनी मांडला. पण प्रत्येक वेळी मांजराला उचलून पुन्हा खोक्यात घालावं लागे, आणि दर वेळी मोजायला मिळे एकच आकडा, लागलेला वेळ.

शनिवार दुपारची टंचाई

हार्वर्डमध्ये १९३०च्या सुमारास बी. एफ. स्किनर या तरुण संशोधकाने ही अडचण दूर केली. प्राण्याला पेटीतच राहू द्या, कळ त्याच्याजवळ ठेवा. त्याने हवी तेव्हा, हवी तितकी दाबावी. मग मोजायचा तो दाबण्याचा वेग. सतत फिरणाऱ्या कागदावर एक टाक टेकलेला. उंदराने कळ दाबली की तो एक पायरी वर सरके. उंदीर झपाट्याने दाबू लागला की रेघ चढायची, थांबला की आडवी व्हायची. मुक्या प्राण्याच्या इच्छेचा चढउतार कागदावर उमटू लागला. पुढे लोक या साधनाला ‘स्किनर बॉक्स’ म्हणू लागले, पण स्वतः स्किनरना ते नाव आवडत नसे.

या पेटीतला एक मोठा शोध कंजूषपणातून लागला. स्किनर खाण्याच्या गोळ्या हाताने बनवत. एका शनिवारी दुपारी त्यांनी हिशेब केला तेव्हा कळलं, की उरलेला दिवस गोळ्या वळण्यात घालवला नाही तर सोमवारी सकाळीच साठा संपेल. मग त्यांना वाटलं, प्रत्येक वेळी गोळी द्यायलाच कशाला हवी? मिनिटातून एकदाच दिली तर? उंदीर कंटाळून कळ सोडून देईल, असं कुणालाही वाटलं असतं. घडलं ते वेगळंच. उंदीर एका लयीत दाबत राहिला. पुढे गोळी पूर्ण बंद केल्यावर तर नवल आणखी वाढलं. दर वेळी गोळी मिळण्याची सवय असलेला उंदीर लवकर नाद सोडायचा; कधीमधी मिळणारा मात्र कितीतरी वेळ आशेने दाबत राहायचा.

बक्षीस कधी द्यायचं याची किती तऱ्हेची वेळापत्रकं असू शकतात आणि प्रत्येकात प्राणी कसा वागतो, याचा जाडजूड ग्रंथ स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी १९५७मध्ये प्रसिद्ध केला. त्यातली सगळ्यात चिवट मांडणी अशी: सरासरी ठरलेली, पण नेमक्या कितव्या दाबण्याला बक्षीस मिळेल याचा नेम नाही. मटक्याचा आकडा लावणाऱ्याची मांडणी हीच. तो वर्षानुवर्षं हरूनही का थांबत नाही, याचं उत्तर त्याच्या अकलेत शोधण्याआधी बक्षिसाच्या वेळापत्रकात शोधावं लागतं. उंदीर, कबूतर, माकड कुणालाही त्या वेळापत्रकात बसवा, रेघ तशीच चढते.

इथेच पारावरच्या पहिल्या मताला तडा जातो. प्राणी तोच, गोळी तीच, भूक तीच. फक्त देण्याची रीत बदलली, आणि स्वभाव वाटावा इतकं वागणं पालटलं.

शिरेतली नळी

खाण्याच्या गोळीसाठी उंदीर राबतो हे समजण्यासारखं आहे. १९५४मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिलनर यांना मात्र न समजण्यासारखं काही दिसलं. त्यांनी एका उंदराच्या मेंदूत बारीक तार बसवली होती. मोकळ्या पेटीच्या ज्या कोपऱ्यात असताना त्याला विजेचा सौम्य झटका दिला, त्याच कोपऱ्यात तो पुन्हा पुन्हा परतू लागला. मग विजेचं बटण त्याच्याच स्वाधीन केलं. मेंदूच्या काही जागी तार असलेले उंदीर तासाला हजारो वेळा कळ दाबत. तिथे ना अन्न होतं, ना पाणी, ना मादी. बक्षीस मेंदूतच कुठेतरी तयार होतं, त्याला ठावठिकाणा आहे, हे पहिल्यांदा इतकं उघडपणे दिसलं.

पुढचं पाऊल होतं कळेला औषध जोडण्याचं. अमेरिकेतल्या कॅलमझू शहरातल्या अपजॉन या औषध कंपनीत काम करणाऱ्या जेम्स वीक्स यांनी १९६२मध्ये त्याची पद्धत प्रसिद्ध केली. उंदराला भूल देऊन मानेतल्या मोठ्या शिरेत एक मऊ, बारीक नळी बसवायची. ती कातडीखालून पाठीवर आणायची. तिथून संरक्षक स्प्रिंगमधून ती पेटीच्या छताकडे जाते आणि एका फिरत्या जोडाला लागते; उंदीर कितीही गोल फिरला तरी नळीला पीळ पडत नाही. जोडाच्या पलीकडे पंप, पंपात औषध भरलेली सिरिंज. कळ दाबली की पंप काही सेकंद चालतो, दिवा लागतो आणि मोजून दिलेला थेंब थेट रक्तात जातो. वीक्स यांच्या उंदरांना आधी मॉर्फिनची सवय लावलेली होती. कळ हाती येताच ते स्वतःचं इंजेक्शन स्वतः घेऊ लागले. दशक संपेपर्यंत माकडांवरच्या प्रयोगांतून स्पष्ट झालं, की आधी सवय लावण्याचीही गरज नसते. पदार्थाची कसलीच ओळख नसलेला प्राणीसुद्धा आपणहून सुरुवात करतो.

पण उंदीर औषधासाठीच कळ दाबतोय हे कशावरून? कदाचित औषधाने तो नुसता चेकाळला असेल आणि समोर येईल ते दाबत सुटला असेल. या शंकेसाठीच दुसरी कळ असते. ती दाबली तर नोंद होते, मिळत काहीच नाही. एकीवरचे आकडे वाढत गेले आणि दुसरी तशीच पडून राहिली, तर उंदीर नेमकं निवडतोय असं म्हणता येतं. शिवाय सिरिंजमध्ये गुपचूप सलाइन भरायचं. काही दिवसांत दाबणं ओसरलं पाहिजे. आणखी एक युक्ती म्हणजे शेजारच्या पेटीत एक जोडीदार उंदीर ठेवायचा. पहिल्याने कळ दाबली की औषध दोघांनाही मिळतं, पण दुसऱ्याच्या कळेला काही अर्थ नाही. रक्तात तेवढंच औषध, हातात मात्र काहीच सत्ता नाही. दोघांच्या मेंदूंत नंतर फरक सापडले, तर ते निव्वळ रसायनाचे म्हणता येत नाहीत. स्वतःहून घेण्याच्या कृतीचाही त्यात वाटा असतो.

यातून हाती आलेल्या गोष्टी थक्क करणाऱ्या आहेत. कोकेनच्या प्रत्येक थेंबातली मात्रा निम्मी केली, की उंदीर साधारण दुप्पट वेळा कळ दाबतो; मात्रा वाढवली की दाबणं कमी करतो. त्याला आकडेमोड येत नाही, पण रक्तातली पातळी तो आपल्या पट्टीवर राखतो. मिशिगन विद्यापीठात १९६९मध्ये प्रसिद्ध झालेल्या माकडांवरच्या अभ्यासात मॉर्फिन, कोकेन, अ‍ॅम्फेटामिन, दारू यांच्यासाठी माकडांनी कळ दाबली. क्लोरप्रोमाझिन या मनोविकारांवरच्या औषधासाठी दाबली नाही. माणसं कशाच्या नादी लागतात आणि कशाच्या नाही, याच्याशी ही यादी बऱ्याच अंशी जुळते. म्हणूनच मेंदूवर काम करणारं नवं औषध बाजारात येण्याआधी त्याची चटक लागेल का, हे तपासताना औषध-नियंत्रक आजही या पेटीची साक्ष काढतात.

पदार्थाची ओढ किती, याला मोजमापही मिळालं. पहिल्या थेंबासाठी एकदा कळ दाबायची, पुढच्यासाठी दोनदा, मग चार, मग सहा, अशी किंमत चढवत न्यायची. कुठेतरी उंदीर थांबतो. तो आकडा म्हणजे त्या पदार्थासाठी तो मोजायला तयार असलेली शेवटची किंमत. याच मोजपट्टीवर सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी मेफेड्रोन ठेवलं. २०१३मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालात उंदरांनी मेफेड्रोनसाठी मेथॅम्फेटामिन या दुसऱ्या उत्तेजक अमली पदार्थापेक्षा कितीतरी जास्त वेळा कळ दाबली. तुळजापूरच्या पुड्यांतलं रसायन ते हेच. त्याचा अंमल लवकर ओसरतो आणि लगेच पुढच्या मात्रेची मागणी सुरू होते, हेही त्या चढत्या रेघेमागचं एक कारण असू शकतं.

मोकळीक दिली तर काय होतं, याचं उत्तर भीषण आहे. १९८५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांना महिनाभर, दिवसरात्र कळ उपलब्ध ठेवली. हेरॉइन घेणाऱ्यांपैकी ३६ टक्के मेले. कोकेन घेणाऱ्यांपैकी ९० टक्के. पारावरच्या दुसऱ्या मताला एवढा भक्कम पुरावा दुसरा मिळणार नाही. पण हा पुरावाही अर्धाच आहे.

नागपूरचे दोन खटके

हे सगळं सातासमुद्रापलीकडे घडलं असं नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात दादासाहेब कोकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, निशिकांत सुभेदार यांच्यासोबत, मेंदूतल्या बक्षिसाच्या वाटांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. २०१६मध्ये ‘अ‍ॅडिक्शन बायॉलॉजी’ या नियतकालिकात आलेला त्यांचा एक प्रयोग तर थेट दारूचा आहे.

उंदराला दारू प्यायला दिली तर चव, वास, पोट, यकृत अशा शंभर गोष्टी मध्ये येतात. नागपूरच्या प्रयोगात त्या सगळ्यांना वळसा घातला. भूल देऊन उंदराच्या मेंदूत अतिबारीक नळी बसवली. तिचं टोक मेंदूच्या बुडाशी असलेल्या व्हेंट्रल टेगमेंटल एरिया या छोट्या भागाच्या मागच्या बाजूला. डोपामिन हे बक्षिसाशी जोडलेलं रसायन वाहून नेणारे मेंदूतले धागे इथून निघतात. पेटीत दोन खटके. एक दाबला की अल्कोहोलचा सूक्ष्म अंश थेट त्या जागी, दुसरा दाबला तर काही नाही. सात दिवसांत पहिल्या खटक्यावरचे आकडे लक्षणीय वाढले. जिभेला थेंबही न लागता मेंदूच्या एका कोपऱ्याने दारूची मागणी नोंदवली होती.

मग संशोधकांनी त्या धाग्यांच्या दुसऱ्या टोकाकडे, न्यूक्लियस अ‍ॅकम्बन्सच्या बाहेरच्या भागाकडे, मोर्चा वळवला. तिथे न्यूरोपेप्टाइड वाय नावाचं मेंदूत मुळातच असणारं रसायन टोचलं, दाबणं वाढलं. त्या रसायनाचं काम अडवणारं दुसरं औषध टोचलं, दाबणं घटलं. मात्रा नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या हिश्शांत. न्यूरोपेप्टाइड वाय भुकेशी संबंधित म्हणूनही ओळखलं जातं. अन्नासाठी घडलेली यंत्रणा दारू आपल्या कामाला जुंपते, याची ही एक खूण.

अशा प्रयोगाला भारतात वाटेल तशी सुरुवात करता येत नाही. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्रीय समिती आहे, संस्थेची स्वतःची नीतिसमिती आहे. किती प्राणी, कोणती भूल, वेदना कशी टाळणार आणि याच्याशिवाय भागणारच नाही का, याची उत्तरं आधी द्यावी लागतात. तरीही प्रश्न उरतो. उंदराने होकार दिलेला नसतो. पेटीकडे कौतुकाने पाहताना ही गोष्ट नजरेआड करू नये. उलट, एवढी किंमत मोजून मिळालेलं ज्ञान वाया जाऊ न देण्याची जबाबदारी त्यातूनच येते.

आणि ज्ञान वाया गेलेलं नाही. १९८०मध्ये दारूसाठी कळ दाबणाऱ्या माकडांना नाल्ट्रेक्सोन नावाचं औषध दिल्यावर त्यांचं दाबणं घटल्याचं नोंदलं गेलं. माणसांवरच्या चाचण्यांनंतर १९९४मध्ये अमेरिकेत हे औषध दारूच्या व्यसनावर मान्य झालं. आज आपल्याकडचे मनोविकारतज्ज्ञही ते लिहून देतात.

पेटीत आणखी काही ठेवलं तर

आता उरलेला अर्धा पुरावा. इतकी वर्षं पेटीत उंदराला काय निवडायचं होतं? एका कळेवर औषध, दुसरीवर शून्य. दिवसभर पोलादी सळ्यांवर एकटं बसायचं आणि करण्यासारखी गोष्ट एकच. तो ती करतो, यात औषधाची ताकद किती आणि रिकामपणाची किती?

कॅनडातले ब्रूस अलेक्झांडर यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस हीच शंका घेऊन उंदरांसाठी प्रशस्त वसाहत उभारली. खेळायला वस्तू, लपायला डबे, सोबतीला नरमाद्या. तिथले उंदीर एकेकट्या पिंजऱ्यातल्या उंदरांपेक्षा मॉर्फिन घातलेलं गोड पाणी कमी प्यायले. ही गोष्ट फार लोकप्रिय झाली, तिच्यावरून बरीच भाषणं झडली. पण नंतर हा प्रयोग पुन्हा करून पाहणाऱ्या सगळ्यांना तसाच निकाल मिळाला नाही. म्हणून तिच्यावर सगळा भार टाकू नये. नंतरच्या प्रयोगांनी तोच प्रश्न अधिक काटेकोरपणे विचारला.

फ्रान्समधल्या बोर्दो इथे सर्ज अहमद यांच्या गटाने पेटीतली दुसरी कळ जागी केली. एकीवर कोकेन, दुसरीवर सॅकरिनचं गोड पाणी. सॅकरिनमध्ये उष्मांक नसतात, नुसती गोडी. २००७मध्ये त्यांनी निकाल जाहीर केला: ९४ टक्के उंदरांनी गोडी पसंत केली. ज्या कोकेनसाठी एरवी उंदीर मरेपर्यंत कळ दाबतात, तेच कोकेन गोड पाण्यापुढे हरलं.

२०१८मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्थेतले मार्को वेनिरो आणि यावीन शाहम यांनी आणखी धाडसी अदलाबदल केली. एका कळेवर मेथॅम्फेटामिन किंवा हेरॉइन. दुसरी दाबली की मधलं छोटं दार उघडतं आणि पलीकडच्या उंदराशी मिनिटभर भेट होते. उंदरांनी जवळजवळ दर वेळी भेट निवडली. व्यसनाची सगळी लक्षणं दाखवणारे उंदीरसुद्धा त्याला अपवाद नव्हते. संशोधकांनी मग सौदा बिघडवून पाहिला. दार उशिराने उघडू लागलं, किंवा भेटीसोबत पायाला विजेचा झटका बसू लागला. तेव्हा उंदीर पुन्हा औषधाकडे वळले. सोबत लगेच आणि विनासायास मिळते तोवर ती औषधाला हरवते. ती उशिराने येऊ लागली, अपमान सोसून मिळू लागली, की हरते.

म्हणजे ओढ पदार्थात साठवलेली नसते, आणि प्राण्याच्या स्वभावात कोरलेलीही नसते. ती पदार्थ, प्राणी आणि समोरचे पर्याय या तिघांच्या मांडणीत असते. प्राण्याचा वाटा मुळीच नाही असंही नाही. बोर्दोतच २००४मध्ये दुसऱ्या एका गटाला दिसलं, की तीन महिने कोकेन घेतलेल्या उंदरांपैकी सुमारे १७ टक्क्यांतच खऱ्या व्यसनाची सगळी लक्षणं उतरली: औषध मिळत नसताना दाबत राहणं, शिक्षा झाली तरी न थांबणं, किंमत वाढली तरी मोजणं. सगळ्यांनी घेतलं, पण सगळे अडकले नाहीत. कोण अडकेल हे आधी ओळखता येईल का, हा प्रश्न आजही संशोधकांना जागं ठेवतो.

मांडणी बदलून माणसांवर उपचार करता येतात, याचाही अनुभव आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठात स्टीव्हन हिगिन्स यांनी १९९०च्या दशकात कोकेनच्या रुग्णांसाठी साधा नियम केला: लघवीच्या तपासणीत औषध सापडलं नाही की लगेच कुपन, दर खेपेला वाढत जाणाऱ्या किमतीचं; त्यातून उपयोगाच्या वस्तू घ्यायच्या. दुसऱ्या कळेवर हाती लागणारं, ताबडतोबीचं बक्षीस ठेवायचं, हे स्किनरच्या पेटीतलंच तत्त्व. पुण्यात १९८६मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने वेगळ्या वाटेने सोबतीवर भर दिला. व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच तिथे नव्याने आलेल्यांच्या सोबतीला उभी राहतात. हा उपाय पेटीतून निघालेला नाही, पण पेटीतल्या उंदरांनी नंतर जी साक्ष दिली ती त्याच्याच बाजूने आहे.

पेटीच्या मर्यादाही ओळखून असावं. एलएसडीसारख्या काही पदार्थांसाठी प्राणी कळ दाबत नाहीत. माणसं मात्र ते घेतात. उंदराला बेकारी नसते, पोटाला चिमटा काढून फेडायचं कर्ज नसतं, मित्रांत मागे पडण्याची धास्ती नसते. माणसाच्या व्यसनाची सगळी गोष्ट फूटभर पेटीत मावत नाही. पण ज्या एका मुद्द्यावर उंदराने आणि माणसाने सारखंच उत्तर दिलं आहे, तो मुद्दा घरोघरी पोचायला हवा.

महिना उलटल्यावर

व्यसनमुक्ती केंद्रातून मुलगा परत आला की पहिले काही दिवस घरचे डोळ्यांत तेल घालून जपतात. महिना सुरळीत गेला की धोका टळला असं वाटतं. पहारा सैल होतो, जुन्या वाटा मोकळ्या होतात. पेटीतले उंदीर याच्या अगदी उलट सांगतात. शाहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१मध्ये कोकेन सोडायला लावलेल्या उंदरांना वेगवेगळ्या काळाने पुन्हा पेटीत ठेवलं. औषध नाही, फक्त जुनी कळ आणि तिच्यासोबतचा जुना दिवा. पहिल्या दिवशी उंदरांनी बेताचं दाबलं. आठवड्याने जास्त. महिन्याने आणखी जास्त. दोन महिन्यांनीही ओढ उतरलेली नव्हती. सुरुवातीचे काही आठवडे खुणेने जागी होणारी ओढ ओसरत नाही, ती पिकत जाते. सिगारेट आणि मेथॅम्फेटामिन सोडणाऱ्या माणसांतही पुढे अशीच वाढ दिसून आली.

जागेचं महत्त्व आणखी एका प्रयोगाने अधोरेखित केलं. कॅनडातल्या शेपर्ड सीगल यांनी १९८२मध्ये हेरॉइनची सवय झालेल्या उंदरांना एकच मोठी मात्रा दिली. नेहमीच्या खोलीत ती मिळालेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के मेले. अनोळखी खोलीत मिळालेल्यांपैकी ६४ टक्के. मात्रा तीच. जुनी खोली शरीराला आधीच तयार करते, म्हणून तिथे जास्त मात्रा सोसली जाते. आणि तयारीच्या त्याच खुणा व्यसन सोडलेल्या माणसाला परत ओढून नेतात. ठरावीक कट्टा, ठरावीक नंबरवरून येणारा फोन, हातात पगार पडायची तारीख हे असेच दिवे आहेत.

तेव्हा केंद्रातून परतलेल्या पोराच्या घरच्यांनी दिनदर्शिकेत दुसरा आणि तिसरा महिना ठळक करून ठेवावा. समुपदेशकाकडची फेरी पहिल्या पंधरवड्यात आटोपून न टाकता त्या महिन्यांत नेमाने करावी. जुना कट्टा सुटला असेल तर त्या वेळेला दुसरं काहीतरी, शक्यतो माणसांच्या संगतीतलं, ठरवून द्यावं. आणि ते महिन्याअखेरीस मिळणारं शाबासकीचं आश्वासन नसावं, त्याच संध्याकाळी हाती लागणारं असावं. टोमणे मारत दिलेली सोबत चालणार नाही. पायाला झटका बसू लागला की उंदीर दाराकडे पाठ फिरवतो, हे तपासून पाहिलेलं आहे.